मास्क आहे, पण फटीचे काय?

कोरोनाकाळात मुंबईत मास्क नसल्यास 200 रुपये दंड होता. गालापाशी फट राहिलेला मास्क मात्र नियमात बसत होता. म्हणजे आपण तोंड झाकायला लावले, हवा गाळायला नाही. विषाणू हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो. एन-95 चे कापड 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवते, पण नाकावरची पट्टी नीट दाबलेली नसेल तर श्वास बाजूनेच आत येतो. झडपेचा मास्क तर उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै 2020 मध्येच त्याविरुद्ध राज्यांना लिहिले होते.

मास्कने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी बांगलादेशातली सुमारे 600 गावांमधली चाचणी पाहावी. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह संसर्ग सुमारे 11 टक्क्यांनी घटला, साठीच्या पुढच्यांत सुमारे 35 टक्क्यांनी. तेही निम्म्याहून कमी लोक मास्क नीट लावत असताना! कापडी मास्कचा तसा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. गुदमरल्यासारखे होते, ही तक्रार खरी आहे. पण गर्दीच्या लोकलमध्ये आणि दवाखान्यात तेवढा त्रास सोसण्याजोगा आहे. पैशांचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्याने एन-95 ची कमाल किंमत 19 ते 49 रुपये ठरवली, तरी रोजंदारीवरच्या माणसाला रोज नवा मास्क परवडत नाही. तो न धुता, वाळवून, आलटूनपालटून काही दिवस वापरता येतो; पण पुढच्या साथीत दंडाच्या पावतीआधी रेशन दुकानातून चांगले मास्क मिळायला हवेत.