बाबासाहेब शिष्यवृत्तीवर गेले, आपली लेकरं कर्जावर का?



पोखर्णीच्या विहारात वंदना झाली की आम्ही पोरांच्या शिक्षणाची चौकशी करतो. हल्ली आईबापांचा एकच प्रश्न असतो : "दादा, पोराला डॉक्टरकीला रशियाला पाठवू का? एजंट म्हणतो, तिथं कोणी जात विचारत नाही." हे आमिष नेमकं आपल्याच वस्तीत दाखवलं जातं. म्हणून त्याचं उत्तरही आपणच दिलं पाहिजे.

तिकडे शिकणाऱ्या आपल्या पोरांशी आम्ही फोनवर बोलतो. रशियन प्राध्यापकाला किंवा होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या म्हातारीला महार-मांग ठाऊक नाही, हे खरं आहे. त्या मोकळ्या श्वासाची किंमत आपल्याला कळते. पण त्यांना कातडीचा रंग दिसतो. घर भाड्याने देण्याच्या जाहिरातीत 'फक्त स्लाव्ह लोकांसाठी' असं छापलेलं असतं. रस्त्यात पोलीस अडवतात, म्हणून पासपोर्ट, मायग्रेशन कार्ड आणि नोंदणीचा कागद कायम खिशात ठेवावा लागतो.

आणि जात? ती आपल्या देशबांधवांच्या बॅगेतूनच तिकडे पोचते. मजल्यावर सगळ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर. एक पोरगा सांगत होता, पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारलं गेलं, दुसऱ्या आठवड्यात त्याच्या रूममेटने स्वतःची भांडी वेगळी काढली. बाहेर उणे वीस तापमान, आत गावचीच शिवाशिव!

तरीही आमचा खरा आक्षेप जातीच्या या प्रवासावर नाही, कर्जावर आहे. शेत गहाण टाकून, सावकाराचे पैसे उचलून पोरगं पाठवलं जातं. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. वर्गात इंग्रजी चालली तरी दवाखान्यातला रुग्ण रशियनच बोलतो. भाषा आली नाही तर तपासणार काय? मार्च २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथं चालत नाहीत, बँकेतून पैसे पाठवणंही अवघड झालं. मग बापाचे पैसे दलालाच्या हातून जातात. प्रवेश एजंटचा, मेस एजंटची, व्हिसाचे कागदही एजंटकडे. तक्रार करायची कोणाकडे?

परत आल्यावर काय? नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशात डॉक्टरकी करता येईल अशी पदवी हवी. त्यावर एफएमजीई : ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. बहुसंख्य नापास होतात. हे एजंट सांगतो का?

काही जुने कार्यकर्ते म्हणतील, अण्णाभाऊ नाही का गेले रशियाला? गेले, १९६१ साली, आणि येऊन 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी १९६० मध्ये मॉस्कोत विद्यापीठ उघडलं गेलं, त्याला १९६१ मध्ये पॅट्रिस लुमुंबांचं नाव दिलं गेलं. तिथं सोव्हिएत सरकार परदेशी मुलांना विद्यावेतन देऊन शिकवत होतं. ते सोव्हिएत राज्य १९९१ मध्ये संपलं. एजंट आज त्या जुन्या रशियाचं नाव सांगून नव्या रशियाची फी वसूल करतो.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. सावकाराच्या वहीवर अंगठा देऊन नाही. आणि एवढं शिकून १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीला आले तेव्हा राहायला खोली मिळाली नाही. परदेशी पदवीने जात मरत नाही, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. पण शिष्यवृत्ती नसती तर ती पदवीही आली नसती.

आज सरकार काय करतं? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, तीही क्यूएस क्रमवारीच्या अटीवर. बारावीनंतर एमबीबीएसला जाणारं आपलं पोरगं त्यात बसत नाही. खासगी कॉलेजची फी परवडत नाही, सरकारी जागा मोजक्या. म्हणजे सरकारने जी जागा मोकळी सोडली, तिथंच एजंटने दुकान टाकलं आहे.

मग पोरांनी जाऊच नये का? जावं. हक्काने जावं. पण आयोगाचे नियम वाचून, कागद स्वतःच्या हातात ठेवून, इथूनच रशियन शिकायला सुरुवात करून. रशियन सरकारच्याही शिष्यवृत्त्या असतात, मुंबईच्या रशियन हाउसमध्ये स्वतः चौकशी करावी. आणि उरलेल्या आपण गावोगावच्या विहारांतून एकच मागणी लावून धरावी : परदेशातल्या एमबीबीएसलाही शिष्यवृत्ती द्या!

'शिका' म्हणजे कर्जात बुडा, असं बाबासाहेबांनी सांगितलेलं नाही. 'शिका'च्या जोडीला 'संघटित व्हा' आणि 'संघर्ष करा' आहे. एकटं पोरगं एजंटला सापडतं, संघटित वस्ती सापडत नाही.

जयभीम! जय संविधान!