शुश्रूषेचा करारनामा

युरोपातील समाजसेवांच्या भवितव्याविषयी ब्रुसेल्समध्ये जे मसुदे तयार होतात त्यांत वृद्धांच्या वाढत्या संख्येचा आणि सरकारी तिजोरीवरील भाराचा ऊहापोह विपुल असतो. परंतु एका पाळीत एका परिचारिकेने किती रुग्णांकडे पाहावे, या साध्या प्रश्नाला जर्मनीत करारनाम्याच्या कलमात स्थान मिळवून दिले ते कोणा अर्थशास्त्रज्ञाने नव्हे, तर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील सेवकवर्गाने आणि त्याच्या 'वेर्डी' या संघटनेने. २०१५ साली तेथे जो संप झाला त्याची मुख्य मागणी वेतनाची नव्हती, मनुष्यबळाची होती. कोठे किती माणसे नेमावीत हा सर्वस्वी आमचा अखत्यार, अशी तक्रार घेऊन व्यवस्थापन न्यायालयात गेले. न्यायालयाने संप रोखण्यास नकार दिला, आणि पुढील वर्षी करार झाला.

करार कागदावरच राहतो, हा अनुभव मात्र लवकरच आला. म्हणून २०२१ च्या शरदात शारिटे आणि बर्लिनमधीलच विवांतेस रुग्णालयसमूह या दोन्ही ठिकाणी सुमारे महिनाभर संप चालला आणि त्यातून निघालेली तजवीज मला फार मार्मिक वाटते: ठरलेल्या संख्येहून कमी माणसांनिशी पाळी काढावी लागली, तर ती पाळी हिशेबात धरायची आणि अशा पाळ्या साचल्या की त्यांच्या मोबदल्यात रजा द्यायची. मालकाच्या भूतदयेला आवाहन करण्यापेक्षा त्याच्या हजेरीपटाला चाट लावणे अधिक परिणामकारक, हे या मंडळींनी नेमके ओळखले.

वृद्धशुश्रूषेच्या क्षेत्रातील कथा इतकी सरळ नाही. १९९५ पासून अमलात आलेल्या शुश्रूषा-विम्याने या क्षेत्राची दारे खाजगी कंपन्यांना उघडली आणि स्पर्धेचा बोजा वेतनावर पडला. सर्व आस्थापनांना बंधनकारक होईल असा वेतनकरार 'वेर्डी'ने एका मालकसंघाशी केला. परंतु २०२१ च्या फेब्रुवारीत त्यास संमती नाकारली ती नफेखोर कंपनीने नव्हे, तर कॅथलिक चर्चच्या 'कारितास'च्या आयोगाने! आपल्या सेवकांना तुलनेने बरे वेतन देणाऱ्या संस्थेने, स्वतःचा स्वायत्त वेतननिर्णयाचा हक्क जपण्याकरिता इतरांच्या पदरी पडू पाहणारा लाभ अडवावा, याचे समर्थन मला तरी करवत नाही. पुढे सरकारने कायदा करून, सप्टेंबर २०२२ पासून वेतनकराराच्या तोडीचे वेतन देणाऱ्या संस्थांनाच विम्याची मान्यता, अशी तरतूद केली. पण एका सर्वव्यापी कराराची सर तिला नाही.

या साऱ्याशी आपला संबंध आता केवळ वाचकाचा उरलेला नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला आहे. तिकडे निघालेल्या आपल्या मुलींना जर्मन व्याकरण शिकवताना, रुग्णालयाने देऊ केलेल्या नेमणुकीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तेथे मनुष्यबळाचा करार लागू आहे काय, हे विचारण्याची वाक्येही त्यांच्याकडून घोटून घ्यावीत.

— अवलोकक