शिकवणीची भिंत
1919 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, सगळी पोरं एका वर्गात बसवली. तीच भिंत आता शिकवणीनं पुन्हा उभी केलीय. पैसेवाल्याच्या एकट्या पोराला मास्तर घरी येऊन बीजगणित शिकवतो. आमचं पोरगं भरल्या वर्गात मागच्या बाकावर.

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेत नारळ-गुलालाचा हिशेब तोंडानं करणारं पोर दहावीला गणितात गळपटतं. डोकं नाही म्हणता? अरे, चौथीत राहिलेला भागाकार आठवीपर्यंत कुणी विचारलाच नाही! (फुल्यांचं नाव याच देवावरनं, बाकी देवाशी आपलं देणंघेणं नाही.)

मित्रांनो, मोर्चे काढूच. पण मॅट्रिक झालेल्या प्रत्येकानं एकेक पोर धरा. कुणाला पाढे, कुणाला अपूर्णांक, जिथं अडलंय तिथनं. फी एक पैसा घ्यायची नाही.