एका विषयात नापास झालात, तर आधी तारखा पाहा

एमबीबीएस करणाऱ्या मुलामुलींनो आणि त्यांच्या आईवडिलांनो,

निकालात एका विषयापुढे ‘नापास’ दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, आता पीजी मिळणार का? मिळू शकतं. एका विषयात नापास झाल्याने पीजीचं दार बंद होत नाही. नुकसान होतं ते मुख्यतः वेळेचं, आणि ते कमी करणं बरंचसं तुमच्या हातात असतं.

पीजी प्रवेशाची यादी नीट-पीजीच्या गुणांवर लागते. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी दोनदा दिली म्हणून तिथे कुणाचे गुण कापत नाहीत. एम्स, चंदीगडचं पीजीआय, जिपमर अशा संस्थांच्या आयएनआय-सीईटीसाठी मात्र एमबीबीएसच्या सगळ्या परीक्षांची मिळून किमान टक्केवारी लागते. खुल्या आणि ओबीसी गटाला 55, अनुसूचित जाती-जमातींना 50. तिकडे जायचं मनात असेल, तर नुसतं काठावर पास होऊन भागणार नाही.

आता वेळेचं गणित समजून घ्या. नीट-पीजीला बसायचं तर इंटर्नशिप ठरावीक तारखेपर्यंत संपलेली हवी. 2025 च्या परीक्षेसाठी ती तारीख 31 जुलै होती. इंटर्नशिप पूर्ण बारा महिन्यांची असते आणि शेवटच्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय ती सुरू होत नाही. शेवटच्या वर्षी एक विषय राहिला, तर इंटर्नशिप काही महिने उशिरा सुरू होते, तेवढीच उशिरा संपते. ती तारीख थोडक्यात हुकली तरी अख्खं वर्ष जातं. म्हणून पुरवणी परीक्षा हलक्यात घेऊ नका. ‘या वेळी तयारी नाही, पुढच्या वेळी बघू’ हा विचार सर्वांत महाग पडतो.

पहिल्या वर्षाला तर मर्यादाच आहे. ते चार प्रयत्नांत सुटायला हवं, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पूर्ण व्हायला हवं.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. राहिलेला विषय कसाबसा काढून टाकला, तरी तो तुम्हाला सोडत नाही. फार्मॅकॉलॉजी, पॅथॉलॉजी नीट-पीजीत पुन्हा समोर येतात. तिथे बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलेल्याला एक गुण वजा. पुरवणीच्या निमित्ताने विषय पायापासून पक्का केलात, तर तीच मेहनत पुढे रँकमध्ये दिसेल.

अमेरिकेत रेसिडेन्सी करायची असेल, तर हिशोब वेगळा आहे. तिथे तुमची गुणपत्रकं आणि कॉलेजचं पत्र अर्जासोबत जातं. शिक्षण लांबलं का, हेही विचारतात. तिथल्या युएसएमएलई या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 2022 पासून गुण न देता फक्त पास किंवा नापास कळवतात, त्यामुळे निवड करणारे बाकीच्या गोष्टी बारकाईने पाहतात. त्या परीक्षेतला नापास प्रयत्नही नोंदीत राहतो आणि एका टप्प्याला चारच प्रयत्न मिळतात. तेव्हा एमबीबीएसमधलं अपयश लपवू नका. काय झालं, त्यानंतर काय बदललं आणि पुढचे निकाल कसे आले, हे दोन-चार सरळ वाक्यांत सांगा. पुढच्या विषयांतले चांगले गुण हाच तुमचा सर्वांत बळकट पुरावा.

निकालानंतर पहिल्याच आठवड्यात तीन कामं करा. पुरवणीच्या फॉर्मची शेवटची तारीख कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. विभागातल्या शिक्षकांना भेटून थिअरीत कमी पडलो की प्रॅक्टिकल-व्हायव्हात, ते समजून घ्या. आणि नापास का झालो, याचं खरं कारण स्वतःला सांगा. हजेरी कमी होती का? आजारपण होतं का? इंग्रजी पुस्तकं जड जातात का? झोप लागत नाही, मन लागत नाही असं आहे का? जिल्हा परिषदेच्या किंवा मराठी शाळेतून आलेल्या अनेक मुलांना विषय कळतो, पण तोंडी परीक्षेत इंग्रजीत बोलता येत नाही. त्यावर उपाय एकच, मित्रासमोर बसून रोज मोठ्याने उत्तरं देणं. कारण कळल्याशिवाय नुसते तास वाढवून उपयोग नाही.

आईबाबांनो, तुम्हालाही हात जोडून विनंती. ‘एवढा खर्च केला’ आणि ‘लोक काय म्हणतील’ ही दोन वाक्यं या दिवसांत घरात उच्चारू नका. तुमच्या भीतीने मूल निकाल लपवायला लागलं, की फॉर्मची तारीखही निघून जाते. ते जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, जगण्याबद्दल निराशेने बोलत असेल, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

डॉक्टर होण्याच्या अनेक वर्षांत एखादा विषय राहू शकतो. तो राहिला हे घरी आजच सांगा, आणि उद्या सकाळी शिक्षकांना भेटायला जा.