कोनशिलेवर नसलेल्या बायका

२० जून २०२२ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’च्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. म्हातारपणी मेंदूला होणारे आजार, विशेषतः अल्झायमर, कसे टाळता येतील याचा शोध घेणारे हे केंद्र. ‘इन्फोसिस’चे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने त्यासाठी २२५ कोटी रुपयांची देणगी दिली. केंद्राच्या संस्थापक-संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ. एवढ्या मोठ्या वैज्ञानिक संस्थेची उभारणी एका बाईने केली याचा आपल्याला आनंदच आहे.

पण अशा केंद्रामागे कोण आहे, असे विचारले की नावे येतात ती देणगीदाराची, शास्त्रज्ञांची, फार तर मंत्र्याची. उत्तर तिथेच संपते. माझा आक्षेप इथे आहे.

या केंद्राचा मोठा अभ्यास कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूर तालुक्यात चालतो. पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार ग्रामीण स्त्री-पुरुषांची अनेक वर्षे तपासणी करत राहायची, अशी त्याची कल्पना. म्हणजे शेतावरचा रोज बुडवून रक्त देणारी, यंत्रात डोके घालून पडून राहणारी, ‘आज वार कोणता’ या प्रश्नाला उत्तर देणारी बाईसुद्धा या केंद्राच्या पायात आहे. तिच्याशिवाय २२५ कोटींची इमारत म्हणजे नुसत्या भिंती.

हा प्रकार नवा नाही. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिचे नाव आउगुस्ट डेटर. १९०६ मध्ये ती वारली, तिचा मेंदू तपासला गेला आणि आजाराला नाव मिळाले डॉक्टर अल्झायमरचे. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी जोगिणींचा अभ्यास सुरू केला. ६७८ वृद्ध ख्रिस्ती जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू देण्याचे कबूल केले. तरुणपणी त्यांनी लिहिलेली आत्मवृत्ते मठात जपलेली होती. ज्यांचे तेव्हाचे लिखाण विचारांनी भरलेले होते, त्यांच्यात म्हातारपणी हा आजार कमी आढळला. हे ज्ञान जगाला मिळाले ते बायकांच्या मेंदूंतून.

टाळायचे म्हणजे काय करायचे?

हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून सल्ले येतात. शब्दकोडी सोडवा, बदाम खा, सकाळी फिरायला जा, मन प्रसन्न ठेवा. जणू आजार झाला तर तो बाईच्या आळसामुळे!

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणे मांडली. ती आयुष्यभर दूर ठेवता आली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. मी जोगेश्वरी पूर्वेच्या वस्त्यांमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करते. ही यादी मेघवाडीच्या किंवा प्रेमनगरच्या गल्लीत उभी राहून वाचून पाहा.

अपुरे शिक्षण: धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणाला शाळेतून काढले? डोक्याला मार: आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीजणींचे डोके नवऱ्याने भिंतीवर आपटलेले असते? नैराश्य: त्याला ‘बाईची नाटके’ म्हणतात. रक्तदाब आणि मधुमेह: गोळ्या आधी नवऱ्याच्या, उरले पैसे तर बाईच्या. अधू कान आणि अधू नजर: कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘आता या वयात कशाला’ म्हणून राहून जाते. दूषित हवा: लिंक रोडचा धूर आणि धूळ कोणाच्या खिडकीतून आत येते? एकटेपणा: त्याबद्दल तर बोलायलाच नको.

ही आजाराची कारणे आहेत, तशीच ती आपण ज्या प्रश्नांवर मोर्चे काढले त्या प्रश्नांची यादीही आहे. मुलींची शाळा, घरातली मारहाण, रेशन, दवाखाना. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा काढली, ते महाराष्ट्रातल्या बायकांसाठी स्मृतिभ्रंश टाळण्याचे पहिले केंद्र होते, असे म्हटले तर शास्त्रज्ञांनाही खोडता येणार नाही.

आकडेही हेच बोलतात. आपल्या मुंबईतच, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या वृद्धत्वाची मोठी पाहणी केली. तिच्याच एका शाखेच्या आधारे २०२३ मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांत प्रमाण ५.८ टक्के, स्त्रियांत ९. बायका जास्त जगतात एवढ्याने हे भागत नाही. १९७१ च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम २२ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या असलेल्या मुली आज सत्तरीत आहेत. त्यांना नाकारलेली पाटी-पेन्सिल आज त्यांच्या मेंदूतून वसूल होते आहे.

सांभाळते कोण?

आमच्या गटातली एक बाई चार घरची धुणीभांडी करत होती. सासू घर सोडून स्टेशनच्या दिशेने चालू लागते, म्हणून तिने दोन घरे सोडली. उरलेल्या दोन घरी जाताना दाराला बाहेरून कडी लावते. सासू शेजाऱ्यांना सांगते, ‘सून जेवायला देत नाही, माझी बोरमाळ तिनेच चोरली.’ असा संशय हे या आजाराचेच लक्षण. पण वस्तीच्या पंचायतीत सून आरोपी ठरते. नवऱ्याला कोणी काही विचारत नाही. आई त्याची, म्हातारचळ आईचा आणि दोष सुनेचा.

गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. घरच्यांनी हेळसांड केली म्हणून म्हातारी अशी झाली, असा लोकांचा समज होता. त्याच गोव्यात अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा येणाऱ्या, साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. आजार काय आहे ते सांगायचे, सांभाळणारीचे ऐकून घ्यायचे, डॉक्टरशी गाठ घालून द्यायची. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. याला ना परदेशी यंत्र लागले ना काचेची इमारत. उलट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या औषधाची तिथली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठेवली गेली, आणि तेही आजार थोडा मंदावते, बरा करत नाही.

सरकारने काय केले? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आई-वडिलांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांच्या तुरुंगवासाची भीती घालतो. वृद्धाश्रमांच्या बाबतीत मात्र राज्य सरकार ते ‘काढू शकेल’ एवढीच मोघम भाषा. मुलांना सक्ती, सरकारला सवलत! आणि ‘मुले’ म्हणजे प्रत्यक्षात सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ९७. त्यावर म्हातारीचे हगणे-मुतणे काढायची मिनिटे वेगळी.

कोणी म्हणेल, तुम्ही संशोधनाच्या विरोधात आहात का? मुळीच नाही. संशोधन हवे, देणग्या हव्यात, आणि कोलारच्या बाईच्या रक्ताचा अभ्यासही हवा. इतकी वर्षे हा अभ्यास गोऱ्या, श्रीमंत देशांतल्या माणसांवरच झाला, हाही अन्यायच होता. आपले म्हणणे एवढेच की जिच्या अंगावर हे ज्ञान उभे राहते, तिला त्यात वाटा मिळाला पाहिजे.

म्हणून आपण मागू या:

१. अशा प्रत्येक केंद्राच्या सल्लागार समितीवर सांभाळ करणाऱ्या बायकांच्या प्रतिनिधी असाव्यात.
२. तपासणीचे निष्कर्ष त्या-त्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगावेत. तपासणीसाठी बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी.
३. घरोघर फिरून माहिती गोळा करणाऱ्या आशा आणि आरोग्यसेविकांना ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधनावर बोळवू नये. कामाला पगार द्यावा.
४. मुंबईत महापालिकेने प्रत्येक वॉर्डात स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दिवसाचे सांभाळ केंद्र काढावे. बालवाडीइतकीच त्याची गरज आहे.
५. महापालिकेच्या दवाखान्यांत साठीपुढच्या बायकांचे कान, डोळे, रक्तदाब आणि स्मरणशक्ती तपासली जावी.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या गल्लीत कोणाच्या दाराला बाहेरून कडी असते?’ हात वर होतील. त्या घरांची यादी करा, कडीच्या आतली आणि कडी लावणारी अशा दोघींचीही. ती यादी घेऊन वॉर्ड ऑफिसवर जायचे आहे.