आकडा शस्त्रक्रियांचा, हिशेब ऐकण्याचा

जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली की ते सरकारी भाषेत 'लाभार्थी' होते. अशा लाभार्थींचे आकडे जाहीर होतात, छायाचित्रे छापून येतात. दोन वर्षांनी त्यातल्या किती मुलांना आईची हाक पाठीमागून ऐकू येते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

पैशाची वाट पूर्वीइतकी बंद राहिलेली नाही. अपंगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या 'एडिप' योजनेतून एका बालकामागे काही लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. तिची सूत्रे वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेकडे आहेत. कौशल्याचीही वानवा नाही. डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या तज्ज्ञांनी ही शस्त्रक्रिया मुंबईत रुजवली, त्यांना २०१४मध्ये पद्मश्री मिळाली. घोडे अडते ते शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर.

कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र कान बरा करत नाही. आतल्या कानातल्या हजारो केसपेशींचे काम ते बारा ते बावीस विद्युताग्रांवर भागवते. त्या तुटपुंज्या संकेतांतून शब्द घडवायला मेंदूला शिकावे लागते आणि मेंदू त्यासाठी अनंत काळ थांबत नाही. अनू शर्मा यांच्या संशोधनानुसार साडेतीन वर्षांपर्यंत श्रवणकेंद्र सर्वाधिक लवचीक असते. सातव्या वर्षानंतर ती संधी बरीचशी निसटलेली असते. अमेरिकेतील सहा केंद्रांतल्या १८८ मुलांचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाच्या आत यंत्र बसलेली मुले भाषेत सर्वांत वेगाने पुढे गेली. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद आपल्याकडे अधिक बोचावी अशी आहे: आईवडिलांचा मुलाशी संवाद जिथे चांगला आणि घरची स्थिती जिथे बरी, तिथे प्रगतीही जास्त. २०२०मध्ये अमेरिकेने या शस्त्रक्रियेची किमान वयोमर्यादा नऊ महिन्यांवर आणली. आपल्या मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत मात्र या शस्त्रक्रियेपुढे 'वय २ ते ६' अशी अट आहे. सर्वांत मोलाची दोन वर्षे अटीतच खर्ची पडतात.

अर्थात, अट शिथिल केली तरी मूल वेळेत सापडायला हवे. 'याचा बापही उशिरा बोलला होता' या आजीच्या दिलाशावर घरोघर वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. बहिरेपण दिसत नाही आणि भांडे पडल्याच्या हादऱ्यानेही बाळ दचकते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे टोक ठेवून करायची ओएई चाचणी काही मिनिटांची असते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हा जगभर मान्य असलेला क्रम आहे. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र काविळीच्या बाळांना ओएई पुरत नाही, त्यांची श्रवणमज्जेचा प्रतिसाद तपासणारी 'बेरा' चाचणीही व्हायला हवी.

या चाचणीची सुरुवात पनवेल महापालिकेला करता येईल; १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेली ही महापालिका रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कामोठे, कळंबोली, जुने पनवेल यांतली बाळे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी कुठल्या ना कुठल्या केंद्रावर येतातच. तिथे लसीच्या टेबलाशेजारीच ओएईचे यंत्र ठेवावे आणि लसीकरणाच्या कार्डावर एक ओळ वाढवावी. खासगी प्रसूतिगृहांनाही हीच सक्ती हवी. कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधूनही सापडणार नाही.

खरी परवड पुढची आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, तेव्हा मूल तीन वर्षांचे असले तरी त्याचे ऐकण्याचे वय शून्य असते. मग वरचेवर मॅपिंग, म्हणजे यंत्राचे संकेत मुलाला जुळवून घेणे, आणि आठवड्यातून एक-दोनदा वाचा-श्रवण प्रशिक्षण, तेही वर्षानुवर्षे. नेरे किंवा मालडुंगेच्या बाजूच्या वाडीतल्या मजुराने त्यासाठी रोजंदारी बुडवून हार्बर लोकलने मुंबई किती दिवस गाठावी? त्यात कोकणातला पावसाळा: घाम आणि दमटपणा यंत्राच्या बाहेरच्या प्रोसेसरला मानवत नाही, केबल तुटते, हमीची मुदत संपते. लाखोंचे यंत्र काही हजारांच्या सुट्या भागासाठी गप्प बसते. म्हणून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात वाचोपचारतज्ज्ञाचे कायम पद आणि सुट्या भागांसाठी निधी, या दोन्ही गोष्टी शस्त्रक्रियेच्या मंजुरीतच धराव्यात.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, ही भीतीही सोडावी. यंत्र काढले की रात्री, आंघोळीला, पोहताना ते मूल बहिरेच असते. यंत्राची वाट पाहताना त्याला कोणतीच भाषा न देणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

ऐकण्याची प्रगती मोजायला 'कॅप' ही शून्य ते सात अशी श्रेणी आहे. शून्यात आवाजाची जाणीवच नसते. सातव्या पायरीवर मूल ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलते. सरकारी पैशाने शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाची श्रेणी पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या वर्षी नोंदवावी आणि नावे वगळून जिल्हावार जाहीर करावी. किती मुलांचे यंत्र कपाटात पडून आहे, तो आकडाही त्यात यावा.