शीर सापडेना

मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की सोलापूरच्या दवाखान्यांत उलट्या-जुलाबांनी सुकलेले पेशंट येतात आणि सिस्टरला शीर काही सापडत नाही. “मूठ आवळा मावशी,” म्हणत ती मनगटावर टिचक्या मारते. मोठ्यांना गुलाबी सुई, तान्ह्यांना पिवळी. रंगावरून माप ओळखायची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, रात्रपाळीला बारीक अक्षरं कोण वाचणार? मोठ्या शिरेत नळी घालायचं काम मात्र अजून स्वीडनच्या डॉक्टर सेल्डिंगरने १९५३ साली दाखवलेल्या वाटेनेच चालतं : आधी सुई, सुईतून तार, सुई काढायची, तारेवरून नळी सरकवायची. एकाच माणसाने इतक्या वस्तू हाताळायच्या, त्यात तारेचं टोक सुटून ती आतच राहिल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्यात. म्हणजे सुधारणा करायची ती इथे, हातांची अदलाबदल कमी करण्यात. साध्या सलाईनच्या सुईत एक सुधारणा झालीही : काही सुया मागे ओढताच टोकावर स्टीलची इवलीशी क्लिप आपोआप बसते, आणि सिस्टरच्या बोटाला टोचून कावीळ-बी होण्याची धास्ती बरीच कमी होते. पण अशी सुई महाग पडते. खरेदीची फाईल हलवणाऱ्या साहेबांनी एकदा रात्री दोनला वॉर्डात येऊन साधी सुई लावताना बघावं.